अग्नीशिवाय अग्निबाण : एक अभ्यासपाठ



स्मरणिका म्हटली की तीत धम्मविषयक लेख, कविता, शुभसंदेश आणि वर्षभराच्या जमाखर्चाचा ताळेबंद असतो. ते सर्व असावेच. परंतु यंदा विद्यार्थ्यांना स्वतःच्या हाताने करून पाहता येईल असा एखादा पाठ त्यात असावा, असे अभ्यासिकेचे काम पाहणाऱ्या आम्हा मंडळींना वाटले. त्यासाठी आम्ही अग्निबाण निवडला. याचे कारण सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्याच वस्तीतील दोन मुलांनी न फुटलेल्या फटाक्यांतील दारू कागदावर गोळा केली, ती पेनच्या रिकाम्या नळीत ठासली आणि वात लावली. बाण उडाला नाही. नळी फुटली आणि एकाचा तळहात भाजला. सुदैवाने बोटे वाचली. मुलांवर घरोघरी आरडाओरड झाली, पण ते नेमके काय करू पाहत होते हे कोणी विचारले नाही. आम्ही विचारले, तेव्हा तो मुलगा म्हणाला, ‘‘सर, चंद्रावर जातं ते याच्यावरच ना?’’ प्रश्न चुकीचा नव्हता, त्याने धरलेली वाट घातक होती. दारू ठासून बाण करणे हे जाणत्या कारागिरालाही जोखमीचे काम आहे, आणि परवान्याशिवाय स्फोटके बनविणे हा १८८४ च्या कायद्यान्वये गुन्हाही आहे. पण मुलाला नुसते ‘‘करू नकोस’’ म्हणून भागत नाही. त्याऐवजी काय करावे, तेही सांगावे लागते. ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही स्वतः कलाशाखेचे. विज्ञानाचा आमचा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला होता. त्यामुळे येथे जे लिहिले आहे ते मुलांबरोबर बसून, शाळेचीच पुस्तके पुन्हा उघडून आणि मैदानावर करून पाहून लिहिले आहे. ज्या पालकांना ‘‘आपल्याला त्यातलं काय कळतं’’ असे वाटते त्यांनीही वाचावे.

आपला बाण म्हणजे थंड पेयाची दोन लिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली. तिच्यात थोडे पाणी घालायचे, तोंडाला रबरी बूच घट्ट बसवायचे, बाटली उलटी उभी करायची आणि बुचातून सायकलच्या पंपाने हवा भरायची. आतली हवा दाबली जाते. दाब बुचाला पेलेनासा झाला की बूच सुटते, पाणी जोराने खाली फेकले जाते आणि बाटली वर जाते. आग नाही, दारू नाही, धूर नाही. न्यूटनचा तिसरा नियम आपण सर्वांनी पाठ केलेला असतो : क्रियेएवढीच व तिच्या विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. येथे पाणी खाली फेकणे ही क्रिया आणि बाटली वर जाणे ही प्रतिक्रिया.

आता एक प्रश्न प्रत्येक मुलगा विचारतो, आणि विचारलाच पाहिजे. उडवायची ती हवेच्या जोरावर, मग पाणी कशाला? याचे उत्तर फळ्यावर न देता मैदानावर द्यावे. पहिल्या खेपेस पाणी न घालता नुसती हवा भरा. बूच सुटते, ‘फट्’ असा आवाज येतो, बाटली थोडीशी उडते आणि पडते. कारण हवा फार हलकी आहे. जे फेकायचे त्याला वजन नसेल तर आपल्याला मिळणारा उलटा धक्काही बेताचाच असतो. दुसऱ्या खेपेस बाटली काठोकाठ भरा. आता वजन भरपूर आहे, पण ते फेकणारी दाबलेली हवा राहायला जागाच उरली नाही. बूच निघते, पाणी गळते, बाटली जागेवरच राहते. मग अर्धी, मग एक तृतीयांश, मग एक चतुर्थांश भरून पाहा. बाटलीचा साधारण तिसरा हिस्सा पाण्याने भरला की उड्डाण उत्तम होते. हा हिस्सा कोणी सांगितला म्हणून वहीत उतरवायचा नाही, पाच वेळा उडवून उतरवायचा.

थोडे गणितही करू. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे २२ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३.८ चौरस सेंटिमीटर. बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो जास्त असेल, तर बुचावर ११ किलोंहून अधिक जोर येतो. म्हणूनच ते सुटते. पाणी बाहेर पडताना बाटलीला मिळणारा धक्का याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे २२-२३ किलोंचा असतो. पाण्यासकट आपल्या बाणाचे वजन पाऊण किलोच्या आसपास. पाऊण किलोच्या वस्तूला बावीस किलोंचा धक्का! मात्र तो टिकतो किती? पाणी सेकंदाला सुमारे २४ मीटर वेगाने बाहेर पडते आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या हिस्स्यात संपते. पापणी लवेपर्यंत इंजिनाचे काम आटोपलेले असते. पुढचा सारा प्रवास रिकाम्या बाटलीने, मिळालेल्या वेगावर करायचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

वर जाणे सोपे, सरळ जाणे अवघड. खरा अभ्यास येथूनच सुरू होतो. नुसती बाटली उडविली तर ती दोन-तीन पुरुष उंच जाते आणि कोलांट्या खाऊ लागते. आम्ही पहिल्या दिवशी मुद्दाम तशीच उडवून दाखविली. मुलांना विचारले, हिला सरळ ठेवायला काय करावे? बहुतेकांनी सांगितले, जोर खालून न लावता वरून लावावा. टोकाला इंजिन बसवावे म्हणजे ते पुढे ओढील आणि बाकीचे धड त्याला लोंबकळत सरळ जाईल, छताला टांगलेल्या कंदिलासारखे. ऐकायला हे अगदी पटते. आम्हालाही पटले.

मित्रहो, नेमके हेच रॉबर्ट गॉडार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञालाही पटले होते. ते क्लार्क विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ऑबर्न या गावी, नात्यातील एका मावशींच्या शेतावर त्यांनी पेट्रोल आणि द्रवरूप प्राणवायू यांवर चालणारा जगातील पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद उडाला, ४१ फूट उंच गेला आणि १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात पडला. त्याचे चित्र पाहिले तर गंमत वाटते. इंजिन वर, टाक्या खाली, मधे दोन लांब नळ्या. ओढणारे पुढे, ओझे मागे. पुढे गॉडार्ड यांनी ही रचना सोडली आणि इंजिन खाली नेले.

कंदिलाची उपमा चुकते कोठे? कंदील सरळ राहतो, कारण तो ज्या खिळ्याला टांगला आहे तो खिळा छतात आहे. कंदील हलला तरी खिळा हलत नाही. बाणाचे इंजिन मात्र बाणालाच घट्ट जोडलेले. बाण तिरपा झाला की इंजिनाचा जोरही तितकाच तिरपा होतो. मग त्याला सरळ करणार कोण? वजन सबंध बाणाला सारखेच खाली ओढते, तेही त्याला वळवून सरळ करीत नाही. म्हणून जोर पुढून लावला काय किंवा मागून लावला काय, केवळ तेवढ्याने बाण सरळ जात नाही. सरळ ठेवतो तो वारा, आणि तोही बांधणी योग्य असेल तरच.

याच गॉडार्ड यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अग्निबाण चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे त्यांनी लिहिले, तेव्हा १३ जानेवारी १९२० च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखाच्या पानावर त्यांची टवाळी केली. अवकाशात हवा नाही, मग बाण मागे रेटणार कशाला, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते, ते या प्राध्यापकांना ठाऊक नाही, असा त्याचा आशय होता. वास्तविक बाण हवेला रेटत नाही. तो आपल्याच पोटातले द्रव्य मागे फेकतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने पुढे जातो. हवा नसली तर उलट अडथळा कमी. माणसे घेऊन अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून मान्य केली. गॉडार्ड १९४५ सालीच निवर्तले होते.

येथे कालामसुत्ताची आठवण येणे स्वाभाविक आहे. केसपुत्त नगरीच्या कालामांनी तथागतांपुढे आपली अडचण मांडली की, येणारा प्रत्येक श्रमण-ब्राह्मण स्वतःचे मत खरे आणि दुसऱ्याचे खोटे म्हणतो, तर आम्ही मानावे कोणाचे? ऐकिवात आहे, परंपरेने चालत आले आहे, ग्रंथात आहे, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी सांगितले. हे आपण सभांतून वारंवार ऐकतो. पण त्याच यादीत केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नका असे आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. तो उपदेश मुळात कुशल-अकुशल वर्तनासंबंधी आहे, बाटल्या उडविण्यासंबंधी नव्हे, हे आम्ही जाणतो. त्याला ओढूनताणून विज्ञानाचे पुस्तक करू नये. तरीही अनुभवाने पारखून घेण्याची ती रीत येथे कामी येते. वृत्तपत्राने मोठ्या अक्षरात छापलेले खोटे ठरले, आणि स्वतः गॉडार्ड यांना पटलेली रचनाही टिकली नाही. पहिल्यापासून दुसरे पकडणे सोपे. स्वतःला पटलेल्या गोष्टीवर शंका घेणे फार जड जाते.

आता सरळ जाण्याची युक्ती. बाण बोटावर आडवा तोलून धरा. जेथे तो तोलतो तो त्याचा गुरुत्वमध्य. हवेत बाण कलंडतो तो या बिंदूभोवती. वारा मात्र त्याच्या सबंध अंगावर लागतो, आणि त्या सगळ्या दाबाचाही एक मध्य असतो. वाऱ्याच्या दाबाचा मध्य गुरुत्वमध्याच्या मागे असला तर बाण जरा तिरपा होताच वारा शेपटीला ढकलून त्याला पुन्हा सरळ करतो. देवळाच्या किंवा चर्चच्या शिखरावरचा वातकुक्कुट नाही का वाऱ्याकडे तोंड करून राहत? तसेच हे. दाबमध्य पुढे असला तर उलटे घडते आणि बाण कोलांटी खातो. म्हणजे करावयाच्या गोष्टी दोन : नाक जड करणे आणि शेपटीला वाऱ्यासाठी पृष्ठभाग देणे. दिवाळीतल्या बाणाची लांब काठी हेच करते. ती हलकी असते, म्हणून गुरुत्वमध्य फारसा मागे जात नाही, पण लांब असते, म्हणून दाबमध्य बराच मागे सरकतो. काठी मोडलेला बाण कोणाच्या घरात शिरेल याचा नेम नसतो, तो यामुळेच.

नेहमीच्या बाणांना शेपटीशी तीन किंवा चार पंख असतात. आम्ही पंख न लावता कडे लावले. ही कल्पना एका चित्रावरून सुचली. थायलंडच्या ईशान प्रांतात आणि लाओसमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर ‘बुन बांग फाय’ नावाचा अग्निबाणांचा उत्सव होतो. यासोथोन या गावचा उत्सव विशेष प्रसिद्ध आहे. गावोगावचे लोक घरी बनविलेले दारूचे प्रचंड बाण मचाणावरून सोडतात, आणि ज्यांचा बाण उडत नाही त्यांना चिखलात लोळवितात. देश बौद्धांचा असला तरी बाण सोडल्याने पाऊस पडतो ही समजूत बौद्धांनी बाळगण्याजोगी नाही, आणि त्या दारूने माणसेही दगावली आहेत. पण तेथल्या कारागिरांचे एक वैशिष्ट्य घेण्यासारखे वाटले. ‘तलाय’ नावाच्या बाणाला ना काठी, ना पंख. मध्ये आडवी नळी आणि भोवती बांबूचे कडे. तो भोवऱ्यासारखा गरगरत वर जातो. आमचे कडे गरगरत नाही, ते शेपटीचे काम करते. पण बाणाला कडे असू शकते हे त्या चित्राने डोक्यात घातले.

आमच्या बाणाची बांधणी अशी. बाटली थंड पेयाचीच हवी, कारण ती मुळात आतल्या वायूचा दाब सहन करण्यासाठी बनविलेली असते. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालणार नाही. बाटलीला भोक, चरा किंवा पोचा नको. तिला काही चिकटवायचे ते रुंद चिकटपट्टीने. गरम डिंक लावल्यास प्लॅस्टिक मऊ पडते, काही गोंदही ते खातात. बांबूच्या फूटभर लांबीच्या चार पातळ कामट्या घेऊन त्या बाटलीच्या अंगाला चारी बाजूंनी अशा बांधा की तोंडाच्या बाजूने वीतभर पुढे येतील. कार्यालयात वापरतात त्या प्लॅस्टिकच्या जुन्या फाइलचे आवरण कापून आठ सेंटिमीटर रुंदीची पट्टी काढा. तिचे बाटलीपेक्षा बोटभर मोठे कडे वळवून कामट्यांच्या टोकांना आतून पक्के करा. कामट्यांना किंचित बाहेर झुकवावे लागते. पंख तीन असले तर तिन्ही सारखे व सरळ बसविणे मुलांना जमत नाही, एक वाकडा बसला की बाण फिरकी घेतो. कडे एकाच पट्टीचे असल्याने ही कटकट वाचते. शिवाय हेच कडे जमिनीवर टेकवून बाण उभा राहतो, वेगळा स्टँड लागत नाही. नाकाला रबरी स्पंजचा अर्धा चेंडू, आणि त्याच्या आत शाडूच्या मातीचा लिंबाएवढा गोळा. कठीण किंवा टोकदार नाक कदापि करू नये. बाण खालीही येतो, हे विसरू नये.

माती किती घालावी? त्यासाठी उडवून पाहण्याची गरज नाही. बाटलीतले पाणी काढा. प्रवास रिकाम्या बाटलीने होतो असे मघाशी म्हटले, म्हणून चाचणीही रिकाम्या बाटलीचीच. गुरुत्वमध्याशी दोरी बांधा आणि मोकळ्या जागेत बाण डोक्याभोवती गरगरा फिरवा. नाक पुढे ठेवून बाण फिरला तर तो आकाशातही सरळ जाईल. आडवा किंवा शेपूट पुढे करून फिरला तर नाकात आणखी माती घाला. दोन वर्षांपूर्वी गणिताला घाबरून अभ्यासिका सोडणारी एक मुलगी या दोरीच्या परीक्षेत तरबेज झाली. ती आता धाकट्यांचे बाण तपासून ‘पास’ किंवा ‘नापास’ करते.

हवेची सोय करताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. पुष्कळजण सायकलचा व्हॉल्व्ह थेट बुचात बसवितात. मग बूच अडकले तर हवा काढायला बाटलीजवळ जावे लागते, आणि तीच वेळ धोक्याची. आम्ही बुचात साधी धातूची नळी बसविली, तिला चार-पाच मीटर मजबूत रबरी पाइप जोडला आणि व्हॉल्व्ह पाइपच्या दुसऱ्या टोकाला, पंपापाशी ठेवला. पाइपचे सांधे तारेने आवळले. बूच न सुटल्यास तेथूनच हवा सोडता येते. पंप काटा असलेला, पायाने मारायचा घ्यावा, आणि काटा पन्नास पौंडांपुढे जाऊ देऊ नये. पंप मारणाऱ्याने चश्मा लावावा, इतरांनी दहा पावले मागे राहावे. जवळ विजेच्या तारा नसाव्यात. मोठे माणूस हजर नसेल तर उड्डाण नाही. या बाबतीत आम्ही कोणाचे ऐकत नाही, मग मुलांनी आम्हाला कितीही कडक म्हणोत.

सायकलच्या पंपावर काय अंतराळविज्ञान होणार, असे काही सभासद थट्टेने म्हणाले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून आपल्या देशातून पहिला संशोधन-अग्निबाण सुटला. तेव्हा तेथील चर्चची इमारत कार्यालय म्हणून वापरात होती, आणि त्या दिवसांतले, बाणाचा भाग सायकलवरून नेतानाचे छायाचित्र आजही छापले जाते. सायकलला आम्ही तरी नावे ठेवणार नाही.

आता उंची मोजणे. एका मुलाने बाणापासून ३० मीटर अंतरावर उभे राहावे. कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला लहानसा दगड लावावा. कोनमापकाच्या सरळ कडेवरून बाणाच्या सर्वोच्च जागेवर नजर धरावी, आणि दोरा कितीवर आला ते दुसऱ्याने वाचावे. दोरा ९० अंशांपासून जितका सरकला तितका बाणाचा चढता कोन. तो ४५ अंश आला तर बाण ३० मीटर वर गेला, त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची मिळवावी. इतर कोनांसाठी टॅनचे कोष्टक उघडावे. दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती कशाला असते हा प्रश्न नेहमी पडतो. मैदानावर मात्र कोष्टकाचे पुस्तक आधी कोणी घ्यायचे यावरून भांडण झाले. वारा असला तर बाण वाऱ्याच्या दिशेकडे तोंड वळवितो, तेव्हा दोन बाजूंना दोन मोजणारे ठेवून सरासरी घ्यावी.

प्रत्येक उड्डाणाची नोंद वहीत हवी : पाणी किती, काट्यावर दाब किती, नाकात माती किती, कोन किती, आणि बाण गेला कसा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाणीही बदलले आणि मातीही बदलली, तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. न उडालेल्या बाणाची नोंद खोडू नये, तीही तितकीच कामाची असते.

एक गोष्ट आम्ही अद्याप करून पाहिलेली नाही, ती तुमच्यासाठी शिल्लक ठेवली आहे. कड्याची रुंदी आठ सेंटिमीटरऐवजी चार केली आणि कामट्या तेवढ्याच अधिक लांब केल्या, तर दोरीच्या परीक्षेत बाण पास होईल काय? आधी आपापला अंदाज कारणासह वहीत लिहावा, मग बाण बांधावा. अभ्यासिकेत रबरी बुचे आणि पाइप ठेवलेले आहेत. बाटली, कामट्या आणि जुनी फाइल मात्र ज्याची त्याने घरून आणावी.